भोईरकाकांनी बंद केलेलं उपकेंद्र

‘बघू’ हा शब्द भोईरकाकांसमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, “काका, त्या ब्रेकरचं नंतर बघू,” की ते हातातला चहाचा ग्लास खाली ठेवत. “बघू न्हाय. बघितलं पायजे.” एवढं बोलून ते उठत, आणि मग बोलणाऱ्यालाही चहा सोडून उठावं लागे. मी त्यांची साहेब होते. तरी मलाही उठावं लागे.

दोन हजार चार साली माझी पहिली नेमणूक भिवंडीला झाली. मी सांगलीची, वय पंचवीस, कनिष्ठ अभियंता. डोक्यात नियमांचं पुस्तक पाठ आणि स्वभाव असा की समोरच्याने ते चुकीचं म्हटलं तर दिवसभर जेवण गोड लागू नये. वीज मंडळाचं आमचं उपकेंद्र खाडीच्या बाजूला होतं. मोठ्या उपकेंद्रातून येणारी वीज घ्यायची, तिचा दाब कमी करायचा आणि सहा फीडरांवरून, म्हणजे वीजवाहिन्यांवरून, गावात सोडायची, हे आमचं काम. एक फीडर हॉस्पिटलचा, एक पाणीपुरवठ्याच्या पंपांचा, बाकीचे चार यंत्रमागांचे. मागांची खडखड इतकी अखंड चालायची की पहिला आठवडा मला झोप लागली नाही, आणि नंतर सुट्टीला सांगलीला गेले की तिथल्या शांततेत झोप येईना.

गणपत भोईर या उपकेंद्रात ऑपरेटर होते. ऑपरेटरचं काम ऐकायला सोपं आहे. दर तासाला मीटर वाचायचे, आकडे लॉगबुकात लिहायचे, वरून हुकूम आला की फीडर बंद करायचा किंवा चालू करायचा, आणि कुणाच्या हुकमावरून केलं ते लिहून खाली सही करायची. स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. काकांनी हे बत्तीस-तेहतीस वर्षं केलं होतं. अंगाने काटक, रंगाने काळेसावळे, खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली आणि खांद्यावर पंचा. कोन गावाहून सायकलने यायचे. वडील खाडीत होडी घालून मासे धरायचे, त्यामुळे काकांचं बालपण पाण्यात गेलं आणि नोकरी विजेत. या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, हेच जणू त्यांनी आयुष्याचं काम ठरवलेलं होतं.

मला ते ‘मॅडम’ म्हणायचे. फार खूश असले किंवा फार वैतागलेले असले, की ‘बाय’.

त्यांच्या काही रीती होत्या. लाइनवर दुरुस्तीला माणूस चढलेला असला की तो खाली उतरून उपकेंद्रात येऊन तोंड दाखवेपर्यंत काका डबा उघडत नसत. एकदा एका लाइनमनला दुपारचे चार वाजले. काकांना साखरेचा त्रास, हात थरथरायला लागले. मी म्हटलं, “काका, दोन घास खाऊन घ्या, तो काय पळून जातोय?” तर म्हणाले, “त्याचा जीव माज्या हातात हाय. जेवताना हात खरकटा व्हतो.”

दुसरी रीत शुक्रवारची. नमाजाच्या वेळेला आसपासचे बरेच माग थांबत आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर खाली येई. काका छोटी-मोठी दुरुस्ती नेमकी त्या तासासाठी राखून ठेवत. नियमाप्रमाणे दुरुस्तीचं वेळापत्रक मी करायचं होतं आणि मी ते सोमवारी सकाळचं केलं होतं. पहिल्याच सोमवारी शकीलभाई नावाचे मागवाले धावत आले. “मॅडम, हफ्ते का पहला दिन है, बीस लूम खड़े हैं.” मी त्यांना नियम सांगितला. ते माझ्याकडे बघायचं सोडून काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, “जाव, अगले टाइम से जुम्मे को करेगा.” ते गेल्यावर मी काकांवर चिडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं काम शुक्रवारीच केलं. वेळापत्रकात मग मीच मुकाट्याने दुरुस्ती केली.

पण त्यांची सगळ्यात चमत्कारिक रीत लॉगबुकातली. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने एक वेळ लिहिलेली असे. सव्वादोन, तीन, पावणेचार, अशी रोज पुढे सरकणारी. मी विचारलं, हे काय? सरकारी वही आहे ही.

“खारीच्या भरतीचा टाइम,” काका म्हणाले. ते खाडीला खारी म्हणत. “तिथीची पाऊनपट करायची. आज चतुर्थी, चार पाऊने तीन. तीन वाजता भर समुद्राला पूर्न भरती. आपल्या खारीत पानी चढून यायला तासभर लागतो, म्हंजे चार. पुनव झाली का परत एकपासून मोजायचं.”

“आणि उपकेंद्राचा त्याच्याशी काय संबंध?”

“उनाळ्यात कायच न्हाय. पावसाल्यात हाय. भरतीच्या टायमाला नाल्याचं पानी खारीत जात न्हाय, मागं फिरतं. मागं म्हंजे कुठं? हितं.” त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं.

आठवडाभर मी वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा त्या पाऊणपटीशी ताडून बघितल्या. पंधरा मिनिटांपलीकडे फरक पडला नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर राग आला. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला जे कुणी शिकवलं नव्हतं, ते हा माणूस बोटांवर मोजत होता.

मग फळ्यांचं प्रकरण झालं. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग असते. गावात काही बिघाड झाला की ब्रेकर आपोआप उघडतो आणि बिघडलेल्या भागाची वीज तिथल्या तिथे तुटते. त्या ब्रेकरला उघडायची ताकद या बॅटऱ्या देतात. बॅटऱ्या गेल्या की ब्रेकर मुका. मग बिघाडाचा दणका मागे मोठ्या उपकेंद्राला बसतो आणि एका गल्लीतल्या कारणाने अर्धा तालुका अंधारात जातो. एका सकाळी मी त्या खोलीत गेले तर सगळ्या बॅटऱ्या वीतभर वर उचललेल्या. खाली जाडजूड काळ्या लाकडाच्या फळ्या.

“ही कुठली लाकडं?”

“आमच्या होडीची,” काका म्हणाले. “बापाची होडी व्हती. खारीकाठच्या खाजन जमिनीत भराव पडला, गोदामं झाली, होडी लावायला जागा र्‍हायली न्हाय. सागवान हाय मॅडम. साठ वर्सं खाऱ्या पान्यात र्‍हायलंय, सडनार न्हाय.”

मी नियमाचा परिच्छेद क्रमांकासकट म्हणून दाखवला. मंजुरी नसलेलं कुठलंही सामान बॅटरीच्या खोलीत ठेवायचं नाही. फळ्या आजच्या आज काढा. “काढतो,” काका म्हणाले. मी समाधानाने परत गेले आणि त्या खोलीत पुन्हा काही महिने डोकावले नाही.

त्यांचा राग भरावावर होता. कल्याण रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना नवी गोदामं उठत होती. काका सायकल थांबवून, पाय टेकवून ते बघत बसत आणि कामावर आल्यावर मला रोजचा तपशील देत. “आज तो शेवटचा नाला बुजवला बगा. पयले पानी आमच्या खाजनात पसरायचं. आता पसरायला जागाच न्हाय, तर उभंच र्‍हानार ना?” मी म्हणायची, “काका, ते आपलं खातं नाही.” त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की मी फाइल उघडायची.

मग दोन हजार पाचची सव्वीस जुलै आली.

त्या दिवसाबद्दल ठाणे-मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी नेहमीचा पाऊस होता. दुपारी दोननंतर जे सुरू झालं, त्याला पाऊस म्हणणं कठीण. काकांची पाळी तीनला संपायची, पण दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर पोचलाच नाही. उपकेंद्रात काका आणि मी, दोघंच. तीनच्या सुमाराला फोन गेला. मोबाइलला रेंज नव्हती.

काकांनी मागच्या नाल्यावरच्या मोरीवर जाऊन पाणी बघितलं आणि भिजून परत आले. “मॅडम, आज पंचमी. पावनेचारला समुद्राची भरती, पावनेपाचला आपल्या खारीची. पानी आत्ताच मोरीच्या वर हाय. सगले फीडर बंद करून मेन बंद केलं पायजे. हुकूम द्या.”

सगळं उपकेंद्र बंद करायचं म्हणजे हॉस्पिटल, पंप, हजारो माग, सगळं एका फटक्यात अंधारात. तेही पाणी अजून कंपाउंडच्या बाहेर असताना. असं बंद करायला वरच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि परवानगी द्यायला फोन लागतो. मी म्हटलं, “थांबा, लाइन लागते का बघते.”

“हॉस्पिटलला मी अडीच वाजताच फोन केलाय. जनरेटरला डिझेल हाय, तयार बसलेत.”

“थांबा काका.”

साडेतीनला त्यांनी परत विचारलं. पाणी फाटकातून आत आलं होतं. मी फोनचा हूक दाबत होते. मेलेला फोन मी किती वेळा कानाला लावला, ते सांगत नाही. पावणेचारला त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढवला नाही. “मॅडम, चालू पॅनलमध्ये पानी शिरलं तर पॅनल जलतील. नवीन पॅनल यायला दोन मयने. आज बंद केलं तर दोन दिवसांत चालू व्हईल. दोन दिवस का दोन मयने, एवडाच सवाल हाय.”

मला ते पटत होतं. पुरतं पटत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर चौकशीचा कागद दिसत होता: कनिष्ठ अभियंत्याने परवानगीशिवाय हॉस्पिटलची वीज तोडली. नोकरीला दीड वर्ष झालं होतं. घरात मिळवणारी मी एकटी. मी म्हटलं, “अजून थोडा वेळ बघू.”

हा शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं. तवर बॅटरीच्या खोलीत पानी किती आलंय, तेवडं बघून येता? मना हितून हलता येत न्हाय.”

मी छत्री घेऊन यार्डातून मागच्या खोलीकडे गेले. दार उघडलं. खोलीत घोटाभर पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या वर, काळ्या फळ्यांवर, सगळ्या बॅटऱ्या कोरड्या उभ्या होत्या. काढतो म्हणाले होते, काढल्या नव्हत्या. मी तिथे उभी असतानाच समोरच्या इमारतीतून आवाज आला, धाड. मग दुसरा. तिसरा. एकेक ब्रेकर उघडत होता. प्रत्येक आवाजासरशी गावाचा एकेक भाग गप्प होत गेला. सातवा आवाज मेनचा. त्यानंतर फक्त पावसाचा आवाज उरला. मागांची खडखड नसलेली भिवंडी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मला आधी हायसं वाटलं. मग राग आला. लाज वाटायला बराच वेळ लागला. क्रम असाच होता, तो बदलून लिहिण्यात अर्थ नाही.

परत आले तेव्हा काका लॉगबुकात लिहीत होते. त्यांचं अक्षर मोठं, शाळकरी. ‘१६.०० वाजता सर्व फीडर व मेन बंद केले. मॅडम यार्डात पाहणीस गेल्या असताना, त्यांना न विचारता, माझ्या जबाबदारीवर. ग. भोईर.’

“काका, तुम्ही मला तीनदा विचारलंत.”

“त्ये वहीत लिवायचं नसतं,” ते म्हणाले, आणि वही पंच्यात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली.

पावणेपाचला पाणी कंट्रोल रूममध्ये पोटरीला लागलं, बॅटरीच्या खोलीत फळ्यांच्या काठापर्यंत चढलं. पॅनलच्या खालच्या अंगाला चांगलं वीतभर भिजलं, पण सगळं निर्जीव होतं. पाणी आलं, थांबलं आणि सकाळपर्यंत ओसरून गेलं. रात्र आम्ही टेबलांवर बसून काढली.

दुसऱ्या दिवशी चिखलात रुतत शकीलभाई आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांच्या मागे दोघा माणसांच्या डोक्यावर कोऱ्या कापडाची ठाणं होती. “काका, पोंछने के लिए कपड़ा लाया. और क्या चाहिए, बोलो.” भिवंडीत दुसरं काही मिळो न मिळो, कापड मिळतं. ती दोन ठाणं आम्ही टराटरा फाडली आणि दीड दिवस पॅनल पुसत होतो. शकीलभाईंनी भाड्याचा जनरेटर आणून मोठाले दिवे लावले, त्यांच्या उष्णतेने आतला दमटपणा गेला. मी प्रत्येक भागाचं इन्सुलेशन यंत्र लावून तपासायची, आणि मी ‘ठीक आहे’ म्हटलं की काका तिथे नाक लावून वास घ्यायचे. एका ठिकाणी माझं यंत्र हो म्हणालं आणि त्यांचं नाक नाही म्हणालं. उघडून बघितलं तर आत कपभर चिखल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेन चालू केलं. बॅटऱ्या शाबूत होत्या, ब्रेकर पहिल्या हुकमाला जोडले गेले. हॉस्पिटल, मग पंप, मग एकेक करून माग. खडखड परत आली तेव्हा काकांनी डबा उघडला. आजूबाजूला जिथे चालू पॅनलमध्ये पाणी शिरलं होतं, तिथले लोक पुढे कित्येक आठवडे विजेची वाट बघत होते.

तरीही चौकशी लागली. कुणीतरी तक्रार केली होती की पाणी यायच्या आधीच वीज तोडली. त्यात नियम मोडला होता, हे खरंच होतं. वरून साहेब यायच्या आदल्या दिवशी काकांनी मला गाठलं. “तुमाला विचारतील, कुठं व्हतात. यार्डात व्हते म्हना. खोटं काय हाय त्यात? माजी नोकरी आठ मयने र्‍हायली. तुमची तीस वर्सं हाय.”

साहेबांनी विचारलं, “ब्रेकर उघडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?” मी म्हटलं, “यार्डात.” पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि न विचारलेलं सांगायची हिंमत मला झाली नाही. एका शब्दाचं खरं उत्तर देऊन इतकं खोटं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काकांना लेखी ताकीद मिळाली. तेहतीस वर्षांच्या स्वच्छ सेवापुस्तकात शेवटच्या वर्षी एक ताकीद. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. मोठ्या साहेबांच्या भाषणात पुराचा उल्लेख नव्हता. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून शरम वाटते.

पुढे माझी बढती झाली, बदलीचा हुकूम आला. भिवंडी सोडायच्या आधी एका रविवारी मी बसून अर्ज लिहिला. ऑपरेटरने माझ्याकडे तीन वेळा परवानगी मागितली, मी ती दिली नाही, दोष माझा आहे, त्यांची ताकीद रद्द व्हावी. तीन वेळा लिहून फाडला, चौथ्यांदा सही केली. तो पर्समध्ये घालून मी कोनला काकांच्या घरी गेले. आधी त्यांना दाखवून मग पाठवायचा, असं ठरवलं होतं.

काका ओटीवर जाळं विणत बसले होते. होडी नव्हती, पण जाळं होतं. “या बाय,” म्हणाले, आणि आत हाक मारून काकूंना चहा टाकायला सांगितला. निवृत्तीनंतर अंगाने भरले होते, केस पांढरे झाले होते. दिवाळीनंतर दोघं अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आले, गुडघ्यांना आराम पडला, असं सांगत होते. माझं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. देवांच्या तसबिरी, त्याखाली त्यांच्या आईवडिलांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी सोनेरी चौकटीत एक टाइप केलेला कागद. अक्षरं मी लांबूनच ओळखली. ती ताकीद होती.

मी म्हटलं, “काका, हे असं भिंतीवर लावून मला शिक्षा देताय का? मी लिहून आणलंय. सगळं खरं लिहिलंय. हे पत्र मागे घेतील ते.”

“मागं घेतील?” काका दचकले. जाळं बाजूला ठेवून उठलेच. “कशापायी?”

चौकट भिंतीवरून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “वाचा. मोठ्यानं वाचा. तुमच्या तोंडून ऐकलं न्हाय मी.”

मी वाचलं. ‘श्री. गणपत भोईर, ऑपरेटर, यांनी कोणत्याही वरिष्ठाची परवानगी न घेता, केवळ स्वतःच्या निर्णयाने संपूर्ण उपकेंद्र बंद केले...’

‘स्वतःच्या निर्णयाने’ला त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

“तेत्तीस वर्सं लिवलं,” ते म्हणाले, “अमक्या साहेबांच्या हुकमान बंद. तमक्या साहेबांच्या हुकमान चालू. माजं नाव खाली, सहीपुरतं. हितं बगा, पयल्या ओळीत हाय. गावात कोन आलं ना, नातू वाचून दावतो. तुमी ते काय लिवलंय त्यात, मी परवानगी मागितली, असं हाय ना?”

“हो.”

“मग तर मी पन विचारनाराच झालो. बाकीच्या सारका. र्‍हाऊ द्या, बाय. येवडं एक माज्याकडं र्‍हाऊ द्या.”

मी त्यांचं काहीतरी परत करायला आले होते, अशी माझी समजूत होती. खरं तर माझं ओझं त्यांच्या ओटीवर टाकून मोकळी व्हायला आले होते, आणि त्या नादात त्यांच्याजवळचा एकच कागद घेऊन जाणार होते. चहा आला. मी पर्स उघडली नाही. तो अर्ज अजून माझ्याजवळ आहे आणि तो कुणाला दाखवून मला सुटका मिळणार नाही, हे मी त्या दिवशी कबूल केलं.

निघताना वळून बघितलं तर काका माझ्याकडे पाठ करून भिंतीशी उभे होते. पंच्याच्या टोकाने त्यांनी काच पुसली, माझ्या बोटांचे ठसे गेले की नाही ते उजेडाकडे धरून बघितलं, आणि चाचपडत खिळा शोधून चौकट परत टांगली. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, ती सरळ आहे का ते बघत राहिले.